नर फुलं

रंगकामाचा बारीक ब्रश. ताटलीत काल उरलेली दोन भजी. नऊ वाजून चाळीस मिनिटं.

वेंगुर्ल्याच्या दमट उकाड्यात मृणालच्या गच्चीवर भोपळ्याचं पहिलं मादी फूल उमललं होतं. दहाला ते मिटणार होतं. मधमाश्या संपल्यापासून नर फुलातले पराग मादी फुलाला ब्रशनेच लावावे लागत, आणि या महिन्यात फळ धरलं नाही तर नगरपालिका गच्चीच्या बागेचं पाणी बंद करणार होती.

“नर फुलं कुठायत गो?” शेजारच्या लोबोकाकींनी कठड्यावरून विचारलं.

“त्यांना फळ धरत नाही ना, म्हणून काल भजी केली. चार कच्चीच तुम्हाला दिली होती.”

“फ्रिजात असतील. थांब,” म्हणत काकी आत पळाल्या.

फुलाच्या कडा आत वळू लागल्या. मृणाल ब्रश धरून उभी होती.

काकींच्या सुनेने ती चारही फुलं सकाळी आठलाच तळली होती.