सहा व्होल्टची बॅटरी

“ही उंच आहे,” बाबा म्हणाले. “बॉनेट लावलं की पत्रा टर्मिनलला टेकेल. गाडी पेटेल.”

बॅटरीवाल्यानं ती बाजूला ठेवून दुसरी पुढे सरकवली. बाबांच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं, म्हणून मोजायच्या टेपचं एक टोक मुलीनं धरलं.

“हिचा प्लस उजवीकडे. माझी केबल तिथवर पोचत नाही.”

“केबल वाढवून देतो की.”

“वाढवलेली केबल तापते.”

“काका, जावई निवडताना तरी एवढ्या खोड्या काढल्या होत्या का?”

“जावई हिनं निवडला. माझ्या वाट्याला बॅटरीच आली.”

मुलगी हसली नाही. बाबांना इथवर आणायलाच तिचा अर्धा दिवस गेला होता.

गाडी बाबांपेक्षा वयानं थोडीच लहान. तिच्या बॅटरीत ठिणगीपुरता जीव होता, इंजिन फिरवण्याएवढा नव्हता. त्यामुळे दरवेळी पुढून लोखंडी हँडल मारायचं. इंजिनानं उलटा झटका दिला की ते हातातून सुटून सणसणीत बसतं. त्या हँडलनं बाबांचा अंगठा मोडला होता, पुढचा दात पाडला होता, भुवई फाडली होती. बॉनेटखाली बोटं चेचली होती. रेडिएटरच्या उकळत्या पाण्यानं मानेपासून खांद्यापर्यंत कातडं सोललं होतं. आई हे किस्से रंगवून सांगायची आणि बाबा खाली बघून हसायचे. “काय हो, आज मारलं का गाडीनं?” हा गल्लीतला नेहमीचा विनोद होता.

गाडीनं मारलं म्हणजे काय, हे मुलीला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण मनगट मोडलं तेव्हा तिनं ठरवलं, आता पुरे. नवी बॅटरी बसवायची. हँडलची भानगडच नको.

“कानामागे टाके कसले?” बॅटरीवाल्यानं विचारलं.

“बॉनेट,” बाबा म्हणाले.

“त्या गाडीवर पोलिसात तक्रार करा, काका.”

“कोण ऐकून घेणार?” बाबा हसले. पडलेल्या दाताची जागा दिसली.

तिसरी बॅटरी बुटकी होती, प्लस डावीकडे. बाबांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, पुन्हा उंची मोजली. खोड सापडेना.

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले.

“बाबा, बसतेय ना ही?”

“बसतेय.”

“मग विचार कसला?”

“राहू दे गं, ठमे. चाललंय ते चाललंय.”

“नाही चाललेलं,” ती म्हणाली आणि बॅटरी स्वतःच उचलून रिक्षात ठेवली.

घरी कुणी नव्हतं. आई मावशीकडे गेली होती, संध्याकाळी यायची होती. बाबा सांगत गेले आणि मुलगी पाना फिरवत गेली. टर्मिनल आवळून झाल्यावर बाबा सीटवर बसले. त्यांनी बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच फेरीत धडधडलं.

मुलीनं काळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

“आता काही लागलं तर गाडीचं नाव नाही हं सांगायचं.”

“तेच तर,” बाबा हळूच म्हणाले.

“हँडल भंगारात टाकू?”

“असू दे. आणि आईला बोलू नकोस बॅटरीचं. मी सांगेन वेळ बघून.” त्यांनी इंजिन बंद केलं. “हात बघ तुझे. धुऊन ये आधी. जावईबापू म्हणतील, सासऱ्यानं मुलीला मेकॅनिक केलं.”

या वेळी ती हसली. ते तिला फाटकापर्यंत सोडायला आले, आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

सकाळी आईचा फोन आला.

बाबा गॅरेजमध्ये, गाडीच्या पुढ्यात कुशीवर पडले होते. कानाच्या वर कवटी फुटली होती, आतलं पांढरं हाड दिसत होतं. रक्त पुढच्या चाकाखालून पार दारापर्यंत आलं होतं. हेडलाइटच्या काचेवरही त्याचे शिंतोडे होते. शेजारी हँडल पडलं होतं, त्याला केस चिकटले होते. हातावरच्या प्लास्टरचे दोन तुकडे झाले होते.

आई स्टुलावर बसून रडत होती. फौजदार समोर उभे होते.

“किती वेळा म्हटलं, विकून टाका तो खटारा. बॅटरी मेलेली. सकाळ झाली की हँडल मारत बसायचे. आज उलटं फिरलं हो ते!”

“खरंय, साहेब,” शेजारचे काका म्हणाले. “आम्ही बघतोय ना. हात, दात, डोकं, काही सोडलं नाही या गाडीनं. आम्ही आपले हसायचो.”

फौजदारांनी मान हलवली. ऐकायचं ते ऐकून झालं होतं. निघता निघता ते मुलीकडे वळले. “ताई, तुम्हाला काही सांगायचंय?”

“ती काय सांगणार?” आईनं डोळे पुसले. “लहानपणापासून बघतेय ती सगळं.”

मुलगी रक्त ओलांडून पलीकडे गेली. दार उघडून सीटवर बसली आणि तिनं बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच फेरीत धडधडलं.

आईचं रडणं थांबलं. ती बॉनेटकडे बघत राहिली. “बॅटरी... ही कधी बसवली?”

“काल. तू नव्हतीस तेव्हा.”

मुलीनं इंजिन बंद केलं. पुढचं तिला शांततेत बोलायचं होतं, सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

“या गाडीनं बाबांना कधीच मारलं नाही, साहेब,” ती म्हणाली. “आई मारायची.”