माझ्यापुरती मांडणी

फोटो स्टुडिओत माझ्याहून हुशार माणसं कामाला येऊ लागली, तेव्हा मला नोकरीची धास्ती वाटू लागली. म्हणून फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची मांडणी मी माझ्यापुरती बदलून घेतली. बटणांच्या जागा हलवल्या, कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं तेही माझ्या मनाप्रमाणे ठरवलं आणि मला न लागणारं सगळं लपवून टाकलं. दुसरं कोणी तिथे बसलं, तर दहा मिनिटांत डोकं धरून उठायचं.

"काका, हा कॉम्प्युटर आहे की तिजोरी? जाताना किल्ली तेवढी देऊन जा," मालक म्हणायचे. मी कसनुसा हसायचो. अकरा वर्षं टिकलो, ते कामामुळे की या युक्तीमुळे, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

परवा मुलीचा फोन आला. "बाबा, आठ तारखेला माझं ऑपरेशन आहे. या वेळी तरी याल ना?"

मी रजा मागितली. मालक म्हणाले, "जा की. फक्त तुमच्या जागी कोणाला तरी बसवून जा."

तिघांना बसवून पाहिलं. तिघांनीही हात टेकले.

आज सात तारीख. सगळी मांडणी पुसून सॉफ्टवेअर पहिल्यासारखं करणारं एक बटण असतं. सकाळपासून मी तेच शोधतो आहे.



चुकूनही कोणी दाबू नये, म्हणून सगळ्यात आधी मी तेच लपवलं होतं.