प्रश्नबाईंचा परवाना

“आणि चवीवरून कळतं का, मास्तर? म्हणजे, खाणाऱ्याला?”

फळ्यावर लिहिता लिहिता मास्तरांचा हात थांबला. मागच्या बाकावरून ज्यूसवाला हळूच म्हणाला, “सुटल्या प्रश्नबाई!” वर्गात हशा पिकला.

“नाही कळत,” मास्तर म्हणाले. “बिघडलेलं अन्न दर वेळी वास मारत नाही. कधी कधी चांगलं चवदार लागतं. म्हणून तर तुम्हाला इथे बसवलंय.”

तिनं मान हलवली. बाकीच्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. ती वही आणतच नसे.

“लिहून का घेत नाही?” मास्तरांनी एकदा विचारलं होतं.

“लक्षात राहतं,” ती म्हणाली होती.

मास्तरांची उभी हयात अन्न निरीक्षक म्हणून गेलेली. निवृत्तीनंतर ते परवान्याचे वर्ग घेत. भटारखान्यातले आचारी, वाढपी, हातगाडीवाले, कोणालाही खाण्याच्या वस्तूला हात लावायचा तर मास्तरांच्या वर्गात बसावं लागे आणि शेवटी त्यांची सही घ्यावी लागे. दुधातलं पाणी मास्तर भांड्याकडे बघूनच ओळखतात, अशी त्यांची ख्याती. माणसंही आपण तशीच ओळखतो, असं त्यांना मनातून वाटे.

प्रश्नबाईंच्या बाबतीत कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्यांना लवकरच जाणवलं.

इतर जण विचारत ते धंद्याचं. बर्फ कुठला घ्यायचा, हातमोजे रोज बदलायचे का. ही विचारायची ते वेगळंच. एका पातेल्यातलं दोघांनी खाल्लं आणि एकालाच त्रास झाला, असं होऊ शकतं का? थोडं थोडं पोटात जात राहिलं तर माणूस एकदम पडतो, की हळूहळू खंगतो? डॉक्टरला ते साधं अपचन वाटू शकतं का?

“तुमच्या घरी कोण कोण असतं?” मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आम्ही दोघंच. मी आणि हे.”

त्या दिवशी मास्तरांना घरी जेवण गेलं नाही.

मग ते तिच्याकडे बारीक नजरेनं बघू लागले. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. चहाचा पेला घ्यायला हात पुढे केला तरी बोटं थरथरायची. परवान्यासाठीच्या डॉक्टरी तपासणीत रोग काहीच निघाला नव्हता, फक्त अशक्तपणा. मनात पाप असलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, मास्तरांनी स्वतःशी म्हटलं. एरवी बाईची भूक चांगली होती. चहाच्या सुट्टीत कोणी बिस्किटं काढो, कोणी केळी, ती नाही म्हणत नसे.

“प्रश्नबाई, घरी उपाशी ठेवतात की काय?” ज्यूसवाल्यानं एकदा टोमणा मारला.

“दुसऱ्याच्या हातचं गोड लागतं, दादा,” ती हसून म्हणाली आणि उरलेला पाव उचलला.

शेवटच्या तासाला तिनं कहर केला. “समजा, उरलेलं अन्न डबीत घालून ठेवलं, तर त्यात काय होतं ते तपासून किती दिवस सांगता येतं? आणि ते तपासतं कोण?”

पुरावा कधी नाहीसा होतो, हेच विचारतेय ही. मास्तरांनी खडू खाली ठेवला. “ते तुमच्या अभ्यासात नाही,” ते तोडून म्हणाले.

परीक्षेत ती पहिली आली. सगळ्यांनी परवाने घेतले, टाळ्या पडल्या, पेढ्याऐवजी ज्यूसवाल्यानं सगळ्यांना मोसंबी वाटली. तिचं नाव मात्र मास्तरांनी पुकारलंच नाही. वर्ग रिकामा झाल्यावर ती टेबलापाशी आली.

“माझा परवाना, मास्तर?”

“थोडी शहानिशा करायची आहे. पुढच्या महिन्यात बघू.”

तिनं टेबलाची कड धरली. “असं नका करू. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळतेय मला. राहायला खोलीसुद्धा देणार आहेत. परवाना आज दाखवला नाही तर दुसरीला घेतील.”

राहायला खोली! नवरा घरात असताना! मास्तरांना आता काही शंका उरली नाही.

“माझा नाइलाज आहे.”

“मास्तर, तुम्हाला एक सांगायचं होतं...” ती आवाज खाली आणून म्हणाली. तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं आणि ती गप्प झाली.

दारात तिचा नवरा उभा होता. गोरागोमटा, मऊ बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. “झालं का गं? बरं वाटत नव्हतं ना, म्हणून न्यायला आलो.” तिची पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली. “जा, खाली गाडीत बस. मी आलोच.”

ती गेली. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली.

मास्तरांचा जीव त्या माणसासाठी तुटला. त्यांनी त्याला आत घेतलं, दार लोटलं. “दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये, कळतं मला. पण न सांगता राहवत नाही. तुमच्या मंडळी इथे काय काय विचारत होत्या, ते तुम्हाला कळायला हवं.”

त्यांनी सगळं सांगितलं. चवीचं, हळूहळू खंगण्याचं, नोकरीचं, खोलीचं. शेवटी डबीत ठेवलेल्या अन्नाचंही. तो शांतपणे ऐकत होता. डबीचं मात्र त्यानं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

“म्हणून म्हणतो, जपून राहा,” मास्तर म्हणाले. “तिच्या हातचं खाताना डोळे उघडे ठेवा.”

त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

“फार उपकार झाले, मास्तर. वेळेवर सांगितलंत,” तो म्हणाला. “पण माझी काळजी करू नका. आमच्याकडे स्वयंपाक पहिल्यापासून मीच करतो.”