मागच्या खोलीची किल्ली

२००६चा दसरा! न्यूझीलंडमध्ये, लोअर हट शहराच्या पलीकडच्या छोट्या गावात आम्ही हार्डवेअरचं दुकान घेतलं होतं आणि त्याच दिवशी किल्ल्या बनवायचं मशीन आलं. मी हातोड्या-करवतींबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. झेंडू मिळाला नाही, म्हणून डॅफोडिल. आरतीच्या टाळ्यांनी पत्र्याखाली दुकान असं घुमलं, की वाटावं आम्ही तिघं नाही, दहा जण आहोत!

माझ्या नवऱ्याने, धैर्यशीलने, पुढच्या दाराच्या किल्लीवरून पहिली नक्कल कापली. ठिणग्या बघून आमची लेक सानिका नाचायलाच लागली. पण नवी किल्ली त्या दाराला लागेना.

"पहिलीच आहे, चुकणारच," तो हसला.

"आई, ट्राय द बॅक रूम!" सानिका ओरडली.

मागची खोली आम्ही आल्यापासून बंद होती. तिची किल्ली जुन्या मालकाकडेही नव्हती. मी आपली गंमत म्हणून नवी किल्ली घातली. ती अलगद फिरली.

खट्!

"अगं, लागली की!"

आम्ही तिघांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. मग दार ढकलायला म्हणून थांबलो.

दारापलीकडच्या टाळ्या मात्र थांबल्या नाहीत.