दोन ते चार

कान तपासणाऱ्या बाईंनी बाबांच्या कानांतली दोन्ही यंत्रं काढून घेतली, कॉम्प्युटरला जोडली आणि त्याचा पडदा बाबांच्या शेजारी बसलेल्या मुलीकडे जरा वळवला. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. यंत्रं काढली की ते असेच व्हायचे, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे. कोणी बोललं की मान डोलवायची, बस.

इथे यायचा हट्ट त्यांचाच. चाळीस वर्षं त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त केली, आणि तीही कानाने. चाक फिरवायचं, क्षणभर ऐकायचं आणि दुखणं कुठे आहे ते सांगून टाकायचं. म्हातारपणातही कोपऱ्यावरचा शिंपी त्यांच्याशिवाय कोणाला यंत्राला हात लावू देत नसे. पण गेल्या मंगळवारी संध्याकाळी आतली खटखट त्यांना ऐकूच आली नाही. त्यांनी यंत्र ठीक आहे म्हणून सांगितलं, शिंपी शिवायला बसला आणि सुई मोडून तुकडा त्याच्या बोटात घुसला. बाबांनीच त्याला सांगितलं, आता दुसरा माणूस बघ. घरी आल्यावर मुलीला म्हणाले, कान संपले असतील तर एकदा जाणकाराच्या तोंडून ऐकू दे, म्हणजे मी हत्यारं देऊन टाकायला मोकळा.

"कान होते तसेच आहेत," बाई मुलीला म्हणाल्या. "यंत्रंही ठणठणीत आहेत."

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ही नवी यंत्रं सगळ्याची नोंद ठेवतात, त्या सांगू लागल्या. रोज दुपारी दोनला आवाज अगदी तळाला जातो. चारला पुन्हा वर येतो. काही दिवशी मात्र रात्री चार्जिंगला लावेपर्यंत खालीच राहिलेला दिसतो. गेल्या मंगळवारी तसंच झालं होतं.

"आणि हे यंत्रावरच्या बटणाने केलेलं नाही. ॲपवरून केलंय. ॲप कोणाच्या फोनमध्ये आहे?"

"माझ्या," ती म्हणाली.

बाबांचा फोन साधा, म्हणून ॲप तिने स्वतःच्या फोनमध्ये घेतलं होतं. दुपारी दोन ते चार ती घरूनच मुलांना गणित शिकवायची. तिने इकडे प्रश्न विचारला की बाबा पलीकडच्या खोलीतून उत्तर द्यायचे, तेही खणखणीत. दोन बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाला काय म्हणतात? पडद्यावरची मुलं तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून 'समद्विभुज'. मुलं खिदळायची. एका आईने तक्रार केली, वर्गात उत्तरं कोण फोडतं म्हणून. तिने बाबांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा ते कबूल झाले आणि दोन्ही वेळा विसरले. मग एके दिवशी तिने फोनवरची पट्टी बोटाने नुसती खाली ओढली. घरात शांतता झाली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. चारला ती पट्टी वर न्यायची. कधी वह्या तपासण्याच्या गडबडीत राहून जायचं.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

यंत्रांशिवाय त्यांना काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागे. दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती.

"यंत्रात बिघाड होता," ती मोठ्याने म्हणाली. "आता नीट केलाय."

तपासणाऱ्या बाई खाली बघून कीबोर्डवर काहीतरी करत राहिल्या.

"म्हणजे कान शाबूत?"

तिने होकारार्थी मान हलवली. बाबांचा चेहरा उजळला. बाईंकडे वळून ते म्हणाले, ही आहे म्हणून माझं निभतंय, या फोनबिनातलं मला ओ की ठो कळत नाही. बाईंनी यंत्रं त्यांच्या कानांत बसवली.

घरी येईपर्यंत बाबा फारसं बोलले नाहीत. बसच्या दाराला तेल हवंय, एवढंच एकदा म्हणाले. जेवले आणि आपल्या खोलीत गेले. तिने ठरवलं, आज वर्ग झाला की सगळं सांगून टाकायचं. मग वाटलं, सांगून त्यांचा आनंद कशाला घालवायचा. फोनला पुन्हा हात लावला नाही म्हणजे झालं. दोन्ही विचार तिला सारखेच पटत होते.

दोनला पाच मिनिटं असताना तिने लॅपटॉप उघडला. मुलं एकेक करून येऊ लागली. तेवढ्यात बाबा दारात आले. जवळ येऊन त्यांनी यंत्रांची छोटी डबी हलकेच तिच्या वहीशेजारी ठेवली. यंत्रं डबीत होती.

"चारला दे परत," ते म्हणाले.

तिने डबीकडे पाहिलं, मग त्यांच्या मोकळ्या कानांकडे.

"डोळे अजून चांगले आहेत गं माझे. त्या बाईंच्या पडद्यावर वेळा होत्या, तेवढ्या वाचल्या." मग म्हणाले, "फोनवरून नको करूस. तसं केलंस की मला वाटतं, माझंच काहीतरी संपत चाललंय."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. ते वळले आणि चपला सरकवत दाराकडे निघाले.

"बाबा," ती म्हणाली. ते चालत राहिले. ती खुर्चीतून अर्धी उठली. "बाबा, चुकलं माझं."

दार लागलं.

पडद्यावरच्या एका मुलीने घाईघाईने वही पुढे ओढली आणि पानं चाळली.

"कितवं गणित चुकलं, बाई?"