पाण्याची बारी

वाळवंटातल्या घदामेस गावात खालच्या गल्ल्या पुरुषांच्या आणि वरची छतं बायकांची. त्यामुळे विधवा मबरूका भरदुपारी जिना उतरून चौकात आली, तशी तिथे बसलेली सगळी पुरुषमंडळी भिंतीकडे वळली. तळाला भोक असलेली तांब्याची घागर टांगून, ती गळून रिकामी होईपर्यंत एकेका बागेची झऱ्याच्या पाण्याची बारी मोजणारा म्हातारा हाज तय्यब तेवढा जागचा हलला नाही.

"हाज, माझ्या बागेची बारी झाली?"

"झाली की. अख्खी घागर रिकामी होऊ दिली. तुझ्या वतीने तुझा दीर सासी बसला होता, विचार त्याला."

"मी तेव्हा छतावर मिरच्या वाळत घालत होते. पाणी भाऊजींच्याच बागेत चाललं होतं. माझी खजुराची झाडं कोरडी ठणठणीत."

सासी भिंतीकडे बघतच गुरगुरला, "वहिनी, गुमान वर जा. घराण्याची अब्रू वेशीवर टांगू नकोस."

मबरूकाने त्याच्या हाताखालची चटई ओढली, झटकली आणि घागरीसमोर अंथरून ती मांडी घालून बसली.

"आजपासून माझ्या बारीला मी इथे बसणार. ज्याला लाज वाटेल त्याने छतावर जावं. तिथून सगळं दिसतं."