मिरच्यांची धुरी

कुकरची शिट्टी झाली आणि सीमेवरून परतलेल्या नातवाने मला जमिनीवर आपटून गळा आवळला. लेकाने त्याला ओढून दाव्याने खांबाला बांधलं.

“आई, याला बाधा झालीय. देवऋषी येतोय,” लेक म्हणाला. सुनेने विस्तवावर मिरच्या टाकल्या.

त्या ठसक्यासरशी मला एकाहत्तरचं साल आठवलं. लढाईवरून आलेले माझे मालक असेच अंगावर धावायचे. देवऋषीने त्यांना धुरीत कोंडलं, चाबकाने पाठ सोलली. त्यानंतर ते मरेपर्यंत बोलले नाहीत.

मी निखाऱ्यांवर घागर ओतली. “गाडी काढ. मिलिटरी हॉस्पिटलात न्यायचं.”

“वेड्याचा शिक्का बसेल, आई!”

“बसू दे. चाबूक तर नाही बसणार!”

डॉक्टरांनी विचारलं, “हा त्रास कधीपासून?”

गळ्यावरचे वळ पदराने झाकत मी म्हणाले, “याच्या आजोबांपासून.”